एप्रिलचा बर्फ

अण्णा, गेल्या शनिवारी मी खांद्यावर स्की घेऊन बर्फातून एक डोंगर चालत उतरले, आणि उतरताना तुम्ही सारखे आठवत होतात. तुम्ही गेल्यावर मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. होतात तेव्हाही फारसं लिहिलं नव्हतं. ओसाकाच्या वसतिगृहातून जी पत्रं पाठवली ती सगळी आईच्या नावानं, आणि खाली एका ओळीत ‘अण्णांना नमस्कार’. आज मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आहे. मांड्या इतक्या भरून आल्या आहेत की सायकलवर बसणं शक्य नाही, आणि एदोगावा भागापर्यंत सायकल मारल्याशिवाय माझी शाळा येत नाही. लेक तिच्या शाळेत गेली आहे. टोकियोच्या ओजिमा भागातल्या ह्या सहाव्या मजल्यावर सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या टेबलापर्यंत येतं आणि नऊच्या सुमारास समोरच्या इमारतीमागे जातं. ऊन आहे तोवर लिहावं म्हणून बसले आहे.

तुम्ही आयुष्यभर बर्फ केलात, पण आकाशातून पडलेला बर्फ तुम्ही कधी पाहिला नाही. इथे टोकियोतही तो क्वचितच पडतो. त्यासाठी गाडी काढून उत्तरेला डोंगरात जावं लागतं. गेली काही वर्षं आम्ही दर एप्रिलमध्ये जातो, हंगाम संपता संपता, कारण तेव्हा गर्दी नसते आणि राहायच्या जागा स्वस्त होतात. आम्ही म्हणजे दोन घरं. एक आमचं, आणि दुसरं आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारं पुण्याचं कुटुंब: माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी. ती मुलगी आणि माझी लेक एकाच वयाच्या, एकाच पाळणाघरात वाढलेल्या, एकाच शाळेत जाणाऱ्या. दोघी एकमेकींशी जपानीच बोलतात, इतक्या भरभर की मला अजून अर्धं निसटतं. बाकीचे सगळे स्की करतात. मी करत नाही. मी खालच्या उपाहारगृहात खिडकीपाशी जागा धरून बसते, सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, सुके मोजे सांभाळते आणि दुपारी ते आले की घरून आणलेल्या पोळ्या-भाजीचे डबे उघडते. माझं हे काम ठरून गेलं आहे. कोणी ते माझ्यावर लादलेलं नाही. पहिल्या वर्षी मी दोनदा पडले, हसले, आणि म्हटलं, तुम्ही जा, मी बसते. त्यानंतर कोणी विचारलं नाही आणि मीही उठले नाही.

ह्या वर्षीचं जाणं वेगळं होतं. मैत्रिणीचं घर जूनमध्ये कायमचं पुण्याला परत जातं आहे. तिच्या सासऱ्यांना आता एकटं ठेवता येत नाही. ही बातमी तिनं मला कचरा टाकायला जाताना सांगितली. इथे प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा, प्रत्येकाचा वार वेगळा. आम्ही दोघी आठवड्यातून कितीतरी वेळा त्या कचऱ्याच्या जाळीपाशी भेटतो आणि आमची निम्मी मैत्री तिथेच उभ्यानं झाली आहे. ती म्हणाली, “अगं, ठरलं आमचं.” मी म्हटलं, “बरं झालं, सासऱ्यांना आधार होईल.” दोघींनी बाटल्यांची झाकणं काढून वेगळ्या पिशवीत टाकली. वर आल्यावर मी बराच वेळ चपला न काढता दारात उभी होते. लेकीला कळलं तेव्हा तिनं फक्त भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. म्हणून ही शेवटची सहल नीट व्हावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. तुमचे जावईही येणार होते. त्यांना कंपनीनं ओसाकाला पाठवल्याला आता बरेच दिवस झाले. महिन्यातून एकदा येतात, तेही कधी येतात, कधी राहतं. गुरुवारी त्यांचा फोन आला. “ह्या वेळी जमेलसं वाटत नाही गं. सिस्टीम बदलायची आहे शनिवार-रविवारात.” मी म्हटलं, “ठीक आहे.” ते म्हणाले, “रागावलीस?” मी खरंच रागावले नव्हते, आणि त्याचंच मला फोन ठेवल्यावर जरा नवल वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी निघालो. मैत्रिणीचा नवरा गाडी चालवत होता, ती त्याच्या शेजारी, मागे दोन्ही मुलींच्या मध्ये मी, कारण माझे पाय सगळ्यांत आखूड. मुली माझ्या डोक्यावरून बोलत होत्या. टोकियोतल्या चेरीला पालवी फुटून गेली होती. वर जाऊ लागलो तशी झाडं पुन्हा उघडी होत गेली, जणू आम्ही मागच्या महिन्यात चाललो होतो. आम्ही उतरतो ते घर एका म्हाताऱ्या बाईंचं आहे. दारात उभ्या राहून त्या प्रत्येक वर्षी मुलींची उंची हातानं दाखवतात. ह्या वेळी त्यांचा हात त्यांच्याच डोक्याच्या वर गेला.

अण्णा, एप्रिलचा बर्फ पांढरा नसतो. त्यात वाऱ्यानं आलेली पिवळट धूळ असते, देवदाराच्या काड्या असतात, आणि दिवसा वितळून पहाटे गोठून त्याचे दाणे होतात. इथे त्याला ‘झारामे’ म्हणतात, म्हणजे जाडी साखर. डोंगराच्या पायथ्याला तर बर्फ उरलेलाच नव्हता, नुसता चिखल आणि त्यातून वर आलेली पिवळी कोवळी गवतं. तारेवरून वर नेणाऱ्या पहिल्या पाळण्यानं मधल्या टप्प्यावर गेलं की तिथे बर्फ, उपाहारगृह आणि तिथून वर जाणारा दुसरा पाळणा. मी बुटाच्या टाचेनं तो बर्फ उकरला आणि हातात घेतला. तुमच्या कारखान्यात लादी फोडताना जो चुरा उडायचा, तो अगदी असाच दिसायचा.

रत्नागिरीच्या बंदरावरचा तो कारखाना माझ्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा आहे. बाहेर मासळीचा वास, आत शिरलं की अमोनियाचा. फरशीसारखी दिसणारी लाकडी झाकणं, आणि त्या झाकणांखाली मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले पत्र्याचे उंच डबे, त्यात गोठत असलेलं पाणी. तुम्ही कॉम्प्रेसरपाशी असायचात. त्या आवाजात कोणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातवारे करायचे. मी सुट्टीत तुमचा जेवणाचा डबा घेऊन यायचे. आपण दोघं मागच्या ओट्यावर बसायचो, तुम्ही जेवायचात आणि माशाची कमी काट्यांची तुकडी झाकणात माझ्यासाठी काढून ठेवायचात. बोलणं असं काही व्हायचं नाही. मग एके दिवशी मी ओट्यापर्यंत वळसा घालून न येता त्या झाकणांवरून धावत आले. तुम्ही कितीदा बजावलं होतं. एक झाकण सरकलं, माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, डबा सुटला आणि टाकीत बुडाला. तुम्ही माझा दंड धरून मला उचललंत. आणि मग सगळ्या कामगारांसमोर ओरडलात, “मरायचंय का तुला? आत गेली असतीस तर बाहेर काय काढलं असतं, लादी?” कोणीतरी हसलं. मला थंडी वाजत होती आणि मी रडत नव्हते. तुम्ही मला एका हातगाडीवाल्याबरोबर घरी पाठवून दिलंत आणि त्या दिवशी उपाशी राहिलात. संध्याकाळी आईला म्हणालात, “उद्यापासून डबा दुसऱ्या कोणाबरोबर पाठव.” बस, एवढंच. त्यानंतर मी कारखान्यात आले नाही. तुम्ही त्या ओट्यावर एकटेच जेवत असणार. मला तेव्हा वाटायचं, तुम्हाला मी नको आहे. तुम्ही भ्यालेले होतात, हे मला आई झाल्यावर कळलं, आणि तेव्हा ते तुम्हाला सांगायची सोय नव्हती.

तर शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी बसले. बाहेर ऊन इतकं की काचेतूनही डोळे दुखत होते. मैत्रीण आणि तिचा नवरा एकदा वर जाऊन आले, पुन्हा गेले. लांबून दोन निळे ठिपके वळणं घेत खाली येताना दिसत. त्या आमच्या मुली. किती छान येतात त्या, अण्णा. एक वळली की दुसरी वळते, न बोलता. जेवणं झाल्यावर सगळे उठले. मी डबे पुसत होते. दोन्ही मुली दाराशी काहीतरी बोलल्या, मैत्रिणीची मुलगी एकटीच बाहेर गेली आणि माझी लेक परत आली.

“मामा, चल,” ती म्हणाली.

ती मला मामा म्हणते. इथली सगळीच मुलं आईला तसं म्हणतात. आई होती तोवर फोनवर ते ऐकून विचारायची, “अगं, तुझा भाऊ तिकडे कधी गेला?”

“कुठे?” मी म्हटलं.

“शिकवते तुला. बूट भाड्यानं घेऊ.”

“वेडी आहेस का? ह्या वयात पाय मोडायचाय? तू जा तिच्याबरोबर. तुमचा शेवटचा...” मी शब्द अर्धाच सोडला.

“मी तिला सांगितलंय. चल ना.”

मी गेले. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. तिनं गुडघ्यावर बसून माझ्या बुटांच्या कड्या लावल्या. ते बूट पायात घातले की घोटा हलत नाही, माणूस पुतळ्यासारखा चालतो. तिला स्कीमधलं सगळं जपानीतूनच येतं. मराठीत त्यातल्या एकाही गोष्टीला तिच्याजवळ शब्द नाही, माझ्याजवळही नाही. “हा नो जी! मामा, हा नो जी!” जपानी ‘हा’ हे अक्षर म्हणजे छपरासारख्या दोन तिरप्या रेघा. पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, की वेग कमी होतो. मी पडले. उठायला शिकले. पुन्हा पडले. मग कधीतरी मी सरकले, आणि सरकतच राहिले, आणि माझ्या मनात आलं तेव्हा थांबले. लेक टाळ्या वाजवत होती. ती एवढी लहान असताना मी तिला ह्याच आवाजात शाबास म्हणायचे.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण तिला वाटलं, मला वरचं दाखवावं. दुसऱ्या पाळण्यानं वर गेलं की एक लांब, सोपा रस्ता वळणं घेत खाली येतो, लहान मुलंसुद्धा उतरतात. पाळण्यात आम्ही दोघीच शेजारी. पाय अधांतरी, खाली उघड्या झालेल्या काळ्या मातीचे पट्टे. दक्षिणेकडून गरम वारा यायला लागला होता. मी म्हटलं, “तिला फार चुकल्याचुकल्यासारखं होईल नाही, पुण्यात? पण तुम्ही रोज बोलालच. आता काय, व्हिडिओवर...”

“मामा, प्लीज,” ती म्हणाली. “त्याबद्दल नको.”

तिनं हातमोजा काढून नाक पुसलं आणि पुन्हा घातला.

वर उतरलो आणि मी उताराच्या कडेला येऊन उभी राहिले. सोपा असेल तो. मला तो जमिनीत गेल्यासारखा दिसला. पाय आपसूक छपरासारखे झाले आणि तसेच राहिले. लेक थोडं खाली जाऊन वळली. “ये. काही होत नाही.” मी हलले नाही. आमच्या शेजारून एक बालवाडीतली मुलगी गाणं म्हणत गेली. लेक बाजूबाजूनं पावलं टाकत परत वर आली. “माझ्याकडे बघ. खाली बघू नको.” मी तिच्याकडे पाहिलं, आणि तरीही हलले नाही. असं बराच वेळ चाललं. ऊन गेलं, दरीतून धुकं वर येताना दिसायला लागलं. खाली कुठेतरी तिची मैत्रीण एकटी फेऱ्या मारत होती, आणि हे लेकीच्या मनात होतं, तसं माझ्याही.

“तू जा,” मी म्हटलं. “मी येते हळूहळू.”

“कशी येणारेस?”

“येईन गं. नाहीतर बसेन इथेच. मला काय...”

तेव्हा ती चिडली. आधी जपानीत, मग इंग्रजीत, आणि शेवटी मला नीट कळावं म्हणून मराठीत, शब्द शोधत. “तू नेहमी असंच करतेस. तू बसतेस. सगळीकडे बसतेस. आणि हसतेस. आणि मला वर असताना सारखं दिसतं की खाली मामा एकटी बसलीये. मला मजा करताच येत नाही. बाबा येत नाहीत, तू म्हणतेस ठीक आहे. ही जाणार, तू म्हणतेस बरं झालं. मी कॉलेजला गेले की तू काय करणारेस? त्या खिडकीत बसणारेस? मला ते... मला ते जड होतं.”

तिला राग आलाय हे मला कळत होतं, तो नुसता माझ्यावर नाही हेही कळत होतं, आणि तरी ती म्हणाली त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी म्हटलं, “जा तू. खरंच जा. ती वाट बघत असेल.”

ती गेली. मागे न बघता, एका सरळ रेघेत, माझ्यासाठी शिकवलेलं ते छप्पर मोडून. पहिल्या वळणावर धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

मी स्की काढले, खांद्यावर घेतले आणि कडेकडेनं चालायला लागले. दुपारचा तो बर्फ मऊ झालेला, पाय कधी घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत आत जायचा. थोड्या वेळानं धुक्यानं सगळंच झाकलं. मागे पाळण्याचे खांब होते ते गेले, नुसती त्यांच्या चाकांची खडखड यायची, तीही कुठून येते समजेना. एखाददुसरा माणूस बाजूनं सर्रकन जायचा, मग तेही थांबलं. मला भीती नव्हती वाटत, अण्णा. रस्त्याच्या कडेला दोरी बांधलेली होती, ती धरून चाललं की खाली पोचणारच. पण इतकं एकटं मला पूर्वी एकदाच वाटलं होतं.

मी जपानला निघाले तेव्हा तुम्ही मला कारखान्यातला कोट दिला होतात, शीतगृहात घालायचा, आत कापूस भरलेला. आईनं तो दोनदा धुतला होता तरी अमोनियाचा वास गेला नव्हता. तुम्ही म्हणालात, “तिकडे थंडी असते म्हणतात.” मला तेव्हा लाज वाटली होती, पण मी तो आणला. ओसाकात एवढी थंडी नसते. तरी पहिल्या हिवाळ्यात मी तो पांघरुणावर टाकून झोपायचे. दुसऱ्या हिवाळ्यात दादाचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, “येतेस ना? आम्ही थांबतो.” विमान, मग मुंबईहून गाडी, घरी पोचायला दीड दिवस लागला. वाटेत माझ्याशी कोणी काही बोललं नाही, आणि मीही कोणाला काही सांगितलं नाही. दारात पाऊल टाकलं तर पाय ओले झाले. तुमच्याच कारखान्यातून लाद्या आल्या होत्या. तुमच्या हाताखालची माणसं पाळीपाळीनं बसून त्या फोडत होती, तुमच्या अंगाभोवती भरत होती, बर्फ वितळला की पुन्हा भरत होती. माझ्यासाठी तुम्हाला ठेवलं होतं. आई म्हणाली, “हात लाव त्यांना. गार लागतील, पण लाव.” मी लावला. आणि मग परत ओसाकाला आले, प्रयोगशाळेत गेले, आणि संध्याकाळी कोणीतरी विचारलं की घरी सगळे बरे आहेत ना. ती संध्याकाळ आणि हे धुकं, ह्या दोन्हींमध्ये मला शनिवारी फरक करता येईना.

एका वळणावर मी दमून थांबले. स्की बर्फात रोवले आणि दोरीच्या खांबाला टेकून उभी राहिले. तेवढ्यात वरच्या बाजूनं हाक आली.

“आई!”

मला आधी वाटलं, दुसऱ्या कोणाला. पण ह्या डोंगरावर दुसऱ्या कोणाला मराठीत आई कोण म्हणणार?

“आई! आऽऽई!”

मग मी ओ दिली. जोरात, रत्नागिरीच्या बंदरावर द्यायचो तशी. “इथे आहे! खाली, दोरीपाशी!” धुक्यातून आधी निळा रंग आला, मग ती. तिला थांबता आलं नाही की तिनं थांबायचं नाही असंच ठरवलं होतं, कोण जाणे. ती येऊन सरळ माझ्यावर आदळली आणि आम्ही दोघी बर्फात बसलो. तिचा चेहरा लाल झाला होता. ती खाली पोचून, पाळण्यानं पुन्हा वर जाऊन, तोच रस्ता दुसऱ्यांदा उतरत आली होती.

“मी वर गेले तर तू नव्हतीस,” ती म्हणाली. “मला वाटलं तू...” आणि पुढे जपानीत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

“अगं, चालत होते. चालता येतं मला.”

“सॉरी.”

“सॉरी कशाला? खरं बोललीस.”

“खरं होतं म्हणूनच सॉरी.” ती हसली, रडली, हातमोज्यानं तोंड पुसलं. मग मी म्हटलं, “आणि आई कशी काय आज?” तर म्हणते, “मामा म्हटलं असतं तर सगळ्याच मामा वळल्या असत्या.”

तिनंही स्की काढले. आम्ही दोघी दोरी धरून खाली आलो. ती पुढे, मी तिच्या पावलांत पाय टाकत मागे. उपाहारगृहापाशी माझी मैत्रीण बाहेर उभी होती. तिनं मला पाहिलं आणि माझ्या खांद्यावरचे स्की उतरवून घेतले. मग म्हणाली, “मी गेल्यावर कोणाबरोबर फिरणारेस गं तू?” आणि तीच रडायला लागली. त्या जाळीपाशी जे झालं नव्हतं ते तिथे झालं. तिचा नवरा चहा आणायला आत गेला.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्या बाईंनी बर्फ वितळतो तिथे उगवणाऱ्या कळ्यांची भजी वाढली. फार कडू असतात. मुलींनी दरवर्षीप्रमाणे तोंडं वाकडी केली आणि ह्या वेळी सगळी संपवली. रविवारी मी उपाहारगृहात बसले नाही. खालच्या सपाट जागेत एकटीच पुढे-मागे करत राहिले. लेक दिवसभर तिच्या मैत्रिणीबरोबर होती, एकदाही माझ्याकडे आली नाही. तेच मला हवं होतं, आणि तरी प्रत्येक वेळी दोन निळे ठिपके वरून येताना दिसले की मी थांबून बघायचे. ती बघते का, ते.

हे सगळं असं सरळ चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. जून येईल, वरचा मजला रिकामा होईल. दोन वर्षांनी हिचीही खोली रिकामी होईल. काल पोचल्यावर तुमच्या जावयांना फोन केला आणि म्हटलं, “मला एकटीला फार कंटाळा येतो इथे.” ते म्हणाले, “मलाही इथे.” आमचं एवढं बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. पुढे काय ते अजून कोणालाच माहीत नाही.

परतीच्या वाटेवर मैत्रिणीचा नवरा गाडी चालवत होता, बाकीचे झोपले होते. लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती, मला वाटलं तीही झोपली. तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, “मी किती हाका मारल्या वरून. तुला ऐकू नाही आलं?”

“धुक्यात आवाज येत नाही गं,” मी म्हटलं. तिला ते पटलं.

ऊन मघाशीच गेलं. हे कागद मी कुठे पाठवणार आहे, आणि तिच्या हाती लागले तरी तिला ही लिपी सलग वाचता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. मला ऐकू आलं होतं, अण्णा. अगदी पहिल्या हाकेपासून, ती अजून खूप वर होती तेव्हापासून. मला कोणीतरी शोधत होतं, आणि ते आणखी थोडा वेळ चालावं असं वाटलं, म्हणून मी लगेच ओ दिली नाही.